काचबिंदू: आबांना लेझर की स्टेंट?

आबा ७१ वर्षांचे, रावेरला केळीची बाग. डोळ्याचं प्रेशर २६. बागेत गेले की थेंबांची बाटली घरीच. डॉक्टरांनी एसएलटी लेझर (डोळ्यातल्या पाण्याचा निचरा सुधारून प्रेशर उतरवणारं) सुचवलंय. मोतीबिंदूही आहे. कोणाचा अनुभव?

— माझ्या आईचं धुळ्याला झालं. दहा मिनिटं, टाका नाही, लगेच घरी. प्रेशर उतरायला मात्र दीड महिना लागला, तोवर माझाच जीव टांगणीला! ब्रिटनच्या २०१९ च्या अभ्यासात आधी लेझर केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्क्यांना तीन वर्षं थेंब लागले नाहीत. असर ओसरतो, तपासणी सोडू नका.

— मोतीबिंदू काढतानाच जेमतेम मिलिमीटरभराचा स्टेंट, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरायची बारीक नळी, बसवता येतो. खर्च आधी विचारा. डोळ्यातला कोन, म्हणजे पाणी निचरायची जागा, उघडा आहे ना?

— हो, उघडा आहे. आबा विचारतात, गेलेली नजर येईल?

— नाही भो. उरलेली टिकवायला हे सगळं.