ग्लूटेन फ्री वॉफल घरी नीट कसे करायचे? मशीनला चिकटतात आणि मधोमध फाटतात

पावसाची_सर (पुणे)
नमस्कार मंडळी. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला मार्चमध्ये सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार) निघाला, आधी रक्तात टीटीजी (या आजारात वाढणारी अँटिबॉडी) वाढलेलं आलं, मग एंडोस्कोपी करून बायॉप्सी, तेव्हापासून तिचा गहू पूर्ण बंद. भाकरी, भात, घावन सगळं खाते बिचारी, कुरकुर नाही. पण मागच्या आठवड्यात मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी वॉफल खाल्ले आणि ही घरून नेलेला डबा खात बसली, घरी आल्यावर एवढंच म्हणाली की आई वास किती छान येत होता गं. ते काही माझ्या डोक्यातून जाईना. जावेकडे वॉफल मेकर नुसता पडून होता तो आणला, गिरणीतून तांदूळ दळून आणले आणि मैद्याची रेसिपी घेऊन मैद्याच्या जागी तेवढंच तांदळाचं पीठ घातलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा झाकण उघडलं की अर्धा वॉफल वरच्या प्लेटला आणि अर्धा खालच्या, आणि जो तुकडा हाताला लागतो तो दाताखाली कचकच करतो. अंडं चालतं आम्हाला. काय चुकतंय?

उलथनं
ताई, नुसत्या तांदळाच्या पिठाचा नाही व्हायचा. मैद्यात ग्लूटेन असतं ते सगळं धरून ठेवतं, तांदळात तो चिवटपणाच नाही, मग झाकण वर ओढलं की मधून फाटणारच. मी असं करते: तांदळाची बारीक पिठी 1 कप, ज्वारीचं पीठ अर्धा कप, कॉर्नफ्लॉर अर्धा कप, बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, इसबगोल 1 छोटा चमचा, चिमूटभर मीठ, साखर 1 मोठा चमचा, 2 अंडी, दीड कप दूध आणि पाव कपाहून थोडं जास्त पातळ केलेलं तूप. इसबगोल धरून ठेवायला आणि कॉर्नफ्लॉर कुरकुरीतपणाला, ही दोन्ही गाळू नका. अंड्यातलं पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हाताने मिसळलंत तर आणखी हलका होतो.

आता कचकच. बाकी सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं, तांदळाचा कण भिजायला वेळ लागतो, बेकिंग पावडर आणि फेटलेलं पांढरं अगदी घालायच्या वेळी. आणि मुख्य म्हणजे झाकण लवकर उघडू नका! मशीनच्या कडेने वाफ येत असते ती जवळजवळ थांबली की मगच उघडायचं, दिव्यावर विसंबू नका, तो मैद्याच्या हिशोबाने लागतो. काढला की ताटात ठेवायचा नाही, जाळीवर ठेवायचा, नाहीतर खालून घाम सुटून मऊ पडतो.

गव्हाविना_बारा_वर्षं (नाशिक)
मला स्वतःला सिलिअ‍ॅक आहे म्हणून कळकळीने लिहितोय, रेसिपीच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, गिरणी. तुमच्या आधी त्याच जात्यावर कुणीतरी गहू दळून नेलेला असतो आणि तो सगळा निघत नाही, तुमच्या तांदळात येतो. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन लागतं, एवढीशी मर्यादा आहे ती, गिरणीच्या पिठाचा काय भरवसा. दोन, जावेचा वॉफल मेकर. त्यात मैद्याचे वॉफल झालेत ना? त्या खाचांमधलं जुनं कितीही पुसलं तरी जात नाही. तिच्यासाठी नवीन घ्या आणि त्यात दुसरं काही करू नका. ओट्स घालायचा सल्ला कुणी दिला तर साधे ओट्स नकोत, त्यात गहू आणि सातू मिसळलेले असतात. हिंगाची डबीसुद्धा वाचा, बहुतेक वेळा हिंग गव्हाच्या पिठात मळलेला असतो. वॉफलशी संबंध नाही पण राहवलं नाही.

एडिसनकर
आम्ही न्यू जर्सीत. इथे किंग आर्थर किंवा बॉब्स रेड मिलचं मैद्याच्या जागी सरळ तेवढंच वापरायचं ग्लूटेन फ्री पीठ मिळतं, त्यात झँथन गम (पीठ धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) आधीच असतो, वेगळं काही घालावं लागत नाही. व्हॅन्सचे ग्लूटेन फ्री फ्रोझन वॉफलही मिळतात, घाईच्या दिवशी बरे. पण चवीला घरचेच. मी रविवारी दहा-बारा करते, गार झाले की मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये, सकाळी टोस्टरमधून काढले की परत कुरकुरीत. टोस्टरही मुलाचा वेगळा ठेवलाय.

मालवणी_सून
अगं आंबोळीच्या पिठाचे करून बघ ना! तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथ्या, नीट निवडून धुऊन भिजवायचं आणि घरच्या मिक्सरमध्ये वाटायचं, म्हणजे गिरणीचा प्रश्नच मिटला. रात्रभर आंबवायचं. उडदाला आपसूक चिकटपणा असतो, पीठ जाळी धरतं, अंडंसुद्धा लागत नाही. आंबोळीपेक्षा जरा घट्ट ठेव, दोन चमचे तेल आणि गूळ घाल, सात-आठ मिनिटं भाज. गूळ बेताचाच, जास्त झाला की जळतो आणि चिकटतो. वर लोणी आणि ओलं खोबरं, माझी मुलं केळीपण मागतात.

पावसाची_सर (पुणे)
नाशिकच्या दादांचं वाचून रात्रीच टूथपिक घेऊन बसले, वॉफल मेकरच्या बिजागरीजवळच्या खाचेतून तपकिरी भुगा निघाला, कागदावर चांगला चिमूटभर. आणि मधे दोनदा तिचं पोट दुखलं तेव्हा मी म्हणत होते की शाळेत पाणी प्यायली असेल. खूप वाईट वाटलं. मशीन परत दिलं, पीठ टाकून दिलं, नवीन मशीन आणलं.

काल आंबोळीच्या पिठाचे केले. वाफ थांबेपर्यंत हात मागे बांधून उभी राहिले आणि झाकण उचललं तर अख्खा निघाला, चौकटींसकट! लेकीने आधी हातात घेऊन वास घेतला, मग प्रत्येक चौकटीत थोडं थोडं लोणी भरत बसली. साडेतीन खाल्ले. रविवारी उलथनंताईंचा करणार, पिठी घरीच तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, मिक्सरवर काढून चाळेन. एडिसनकर, आंबवलेल्या पिठाचे फ्रीझरमध्ये टिकतात का हो? पुढच्या महिन्यात तिचाच वाढदिवस आहे, पंधरा मुलं येणार आणि सगळ्यांना हेच द्यायचे म्हणतेय ती.

एडिसनकर
टिकतात, महिनाभर मी ठेवलेत. फक्त भाजताना रंग जरा फिकाच ठेवा, टोस्टरमध्ये परत चढतो. पंधरा मुलांना तीस तरी करा.