जानेवारीत बुडापेस्ट: कोण कोण येणार?

सप्रेम नमस्कार मंडळी,

तिळगुळाच्या कार्यक्रमाआधीच्या शनिवार-रविवारी बुडापेस्टला जायचं घाटतंय. शनिवारी सकाळची गाडी, अडीच-पावणेतीन तासांत तिथे, रविवारी रात्री व्हिएन्नात परत. नावं बुधवारपर्यंत कळवा. आणि कृपा करून 'बघते', 'बहुतेक' असं लिहू नका. गेल्या वेळी 'बहुतेक'वाल्यांच्या खोल्यांचे पैसे मंडळाच्या अंगावर आले.

— सचिव

*

सचिवसाहेब, हौस दांडगी आहे तुमची. जानेवारीत? आमच्याकडे सासू-सासरे आलेत सांगलीहून. सासूबाई कचरा टाकायला खाली उतरायचं तरी कानटोपी घालतात. ख्रिसमसचे बाजार उठलेले, झाडावर पान नाही, चार वाजले की अंधार. मे महिन्यात गेलो तर काय बिघडणार आहे? शिवाय दोघंही माळकरी. गुलाश आणि सलामीच्या गावात त्यांना दोन दिवस पाव-लोण्यावर ठेवू का?

— दहाव्या बेत्सिर्कमधल्या (म्हणजे व्हिएन्नाच्या दहाव्या विभागातल्या) वहिनी

*

वहिनी,

शंका रास्त आहेत, पण मी त्या गावात नोकरीपायी तीन हिवाळे काढलेत, म्हणून लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मेमध्ये बुडापेस्ट छान दिसतं. मेमध्ये कुठलं गाव छान दिसत नाही? पण त्या शहराच्या बऱ्याचशा गोष्टी घडल्या त्या थंडीत. ज्या साखळी पुलाचे फोटो सगळे काढतात तोच घ्या. पूर्वी बुडा आणि पेश्ट ही नदीच्या दोन काठांवरची दोन वेगळी गावं होती (एक झाली १८७३ साली), आणि मध्ये होड्यांवर टाकलेला पूल. हिवाळ्यात डॅन्यूबवर बर्फ वाहायला लागला की तो काढून घ्यावा लागे. १८२० च्या डिसेंबरमध्ये इश्तवान सेचेन्यी नावाच्या तरुण उमरावाचे वडील इथे, आपल्या व्हिएन्नात वारले. अंत्यविधीला निघालेला मुलगा पेश्टपर्यंत आला आणि बर्फामुळे आठवडाभर नदीकाठी अडकला. तिथून त्याच्या डोक्यात कायमचा पूल बसला.

पूल १८४९ साली खुला झाला. आराखडा एका क्लार्कचा, बांधकामावर देखरेख दुसऱ्या क्लार्कची, दोघांचं नातं काही नाही. टोल उमरावांनाही भरायला लागला. एरवी कर माफ असलेली ही मंडळी. त्यांच्या दृष्टीने केवढी नामुष्की! आपल्याकडच्या टोलनाक्यावर 'ओळखत नाही का मला' म्हणणारे आठवतात की नाही? आणि ज्याने हे सगळं घडवून आणलं तो सेचेन्यी तोवर मन बिघडून आपल्या एकोणिसाव्या बेत्सिर्कमध्ये, डोब्लिंगच्या इस्पितळात होता. तिथेच १८६० साली गेला. पुऱ्या झालेल्या पुलावर त्याचं पाऊल कधी पडलं नाही. मी दर वेळी पूल ओलांडताना, विशेषतः वारा नाकाला झोंबत असताना, हे आठवून चालतो. मेमध्ये आइस्क्रीम हातात घेऊन ते आठवणार नाही.

त्याच्याही आधी, १४५८ च्या जानेवारीत, पंधरावंही न सरलेल्या मात्याशची हंगेरीचा राजा म्हणून निवड झाली, तेव्हा त्याच्या बाजूची माणसं गोठलेल्या नदीवर गोळा झाली होती म्हणतात. आता नदी सहसा तशी गोठत नाही. पण १८३८ च्या मार्चमध्ये बर्फाचे तुकडे खाली अडले, पाणी तुंबलं आणि पेश्टमधली दोन हजारांहून जास्त घरं कोसळली. फेरेन्सिएक चौकातल्या चर्चच्या भिंतीवर होडीतून माणसं वाचवणाऱ्या वेशेलेन्यीचं कोरीव चित्र आहे, तिथे थांबा. या पूरग्रस्तांसाठी पियानोवादक फ्रान्झ लिस्तने व्हिएन्नात येऊन कार्यक्रम केले होते. बुडापेस्टच्या विमानतळाला आज त्याचंच नाव आहे.

आणि एक जागा दाखवल्याशिवाय मी कोणाला परत आणत नाही. संसदेच्या जवळच, नदीच्या अगदी काठावर, लोखंडाचे साठ जोड बूट मांडलेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या ॲरो क्रॉस या नाझीधार्जिण्या पक्षाच्या माणसांनी ज्यूंना काठावर उभं करून आधी बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती, आणि मग गोळ्या घालून नदीत लोटलं. स्मारक २००५ सालचं. बायकांचे टाचेचे बूट आहेत, लहान मुलांचेही. जानेवारीत त्यांच्यात बर्फ साचलेला असतो आणि कोणीतरी त्या बर्फातच मेणबत्ती लावून गेलेलं असतं. तिथे सेल्फी घेणारे असतात, आपल्यातल्यांनी घेऊ नये एवढंच. १९४५ च्या जानेवारीत, शहराला रशियन फौजांचा वेढा पडलेला असताना, पेश्टमधून माघार घेणाऱ्या जर्मनांनी साखळी पूलही उडवला. पुन्हा बांधून खुला झाला तो १९४९ च्या नोव्हेंबरात, बरोबर शंभर वर्षांनी.

आता आजी-आजोबांचं. चढ-उतार कमी. दोन नंबरची ट्राम पेश्टच्या काठाने जाते, खिडकीशी बसलं की समोर किल्ला, पूल, संसद सगळं येतं. चारला अंधार पडतो ही तक्रार नाही, सोय आहे: दिवे लागलेली संसद बघायला जूनमध्ये आजोबांना नऊपर्यंत ताटकळावं लागेल. एक नंबरची मेट्रो १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी. रस्त्याखाली लगेच आहे, थोड्याच पायऱ्या. पिवळे बुटके डबे, आत चामड्याच्या पट्ट्या. कागदी तिकीट असेल तर आधी यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. मी एकदा विसरलो होतो, दंड भरला, चूक माझीच.

ती मेट्रो थेट सेचेन्यी स्नानगृहाशी सोडते. १९१३ सालचं. (त्याच वर्षी त्याच शहरात चित्रकार अमृता शेरगिल जन्मली, आई तिथली.) पाणी जमिनीतून सत्तरहून जास्त अंशांचं वर येतं, ते निववून कुंडात सोडतात. बाहेर शून्याखाली, डोक्यावर बर्फ भुरभुरतोय, मानेपर्यंत गरम पाणी, आणि वाफेत दोन म्हातारे पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतायत. दारापासून कुंडापर्यंतची वीस पावलं मात्र जिवावर येतात. रबरी चपला न्याच.

खाण्याचं: 'हूश नेल्क्यूल', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा. घेवड्याच्या सूपला भुलू नका, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. फोझेलेक मागा: दाटसर भाजी किंवा मसूर. मात्र वर काय ठेवतात ते आधी विचारा. नववर्षाला तिथे मसूर खातात, पैसा येतो म्हणून. लांगोश म्हणजे भटुऱ्याचा चुलतभाऊ. माळकऱ्यांसाठी लसूण नको म्हणून सांगायचं, चीज पुरे.

— काका (बाविसावा बेत्सिर्क)

*

काका, भारी! एक जोडतो. संसदेची तिकिटं आधीच ऑनलाइन काढायला हवीत. युरोपियन युनियनच्या नागरिकांना स्वस्त, आपल्या निळ्या पासपोर्टला महाग. आत हंगेरीच्या राजांचा, वाकडा क्रॉस असलेला मुकुट ठेवलाय, जो दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडे होता आणि १९७८ ला परत आला. तिथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे नीट बघून घ्या. तिकिटं मी काढतो, पैसे आधी पाठवा. गेल्या वेळचे दोघांकडून अजून यायचेत, नावं लिहीत नाही.

— विद्यार्थी प्रतिनिधी

*

काकांची मेल सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते पुलासाठी तयार झालेत. बुटांचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, तिथे मी काही बोलणार नाही, मला घाई करू नका. सासूबाईंनी तुरळ-आरवलीची गरम पाण्याची कुंडं पाहिलीत, त्यामुळे त्यांना वाफेचं कौतुक नाही. त्या कुंडात उतरणार नाहीत, काठावर शाल पांघरून बसतील, पण पाण्याला हात लावून बघणार. पोहे आणि मेतकूट आमच्याकडून. खोल्या लिफ्ट असलेल्या हॉटेलात घ्या.

चार नावं लिहा. नक्की.

— वहिनी