तापीच्या मुखावरील खाजण: ड्रोन घ्यावा की उपग्रहचित्रे पुरतील? (खर्च १५,००० रुपयांच्या आत)

तापीकाठ, भुसावळ: मी भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात आहे. समुद्राची पातळी वाढत असताना, तापी सुरतेपलीकडे समुद्राला मिळते तेथील तिवरांची कड वर्षागणिक किती सरकते, हे मला मोजायचे आहे. काय घ्यावे?

उंचभरारी, जळगाव: आरटीके ड्रोनच (जागा सेंटिमीटरांपर्यंत अचूक नोंदवणारा) घ्यावा. माझ्या केळीच्या बागेची पाहणी त्याने तासाभरात आटोपते. किंमत लाखांत जाते, पण स्वस्त वस्तू दोनदा घ्यावी लागते.

निवृत्त मोजणीदार, धुळे: प्रश्नात पंधरा हजार लिहिले आहेत. समुद्र जगभरात सरासरी वर्षाला तीन-चार मिलिमीटर चढतो. साध्या ड्रोनची उंची काही मीटरांनी चुकते, आणि तिवरांवरून त्याला जमीन न दिसता पानांचे शेंडे दिसतात. तेव्हा उंचीच्या मागे न लागता कडच मोजावी. लँडसॅट उपग्रहांची (चित्राचा एक ठिपका ३० मीटरांचा) आणि २०१५ पासूनची सेंटिनेल-२ उपग्रहांची (ठिपका १० मीटरांचा) चित्रे फुकट मिळतात.

गाळसाक्षी, रावेर: उपग्रहचित्रेच घ्यावीत, असेच माझेही मत आहे. माझा ड्रोन हतनूर धरणाच्या फुगवट्यात पडला; गुडघाभर गाळातून काढला, तर पंख्याच्या दांड्यात शेवाळ गुंतलेले होते, आणि विक्रेत्याने हमी नाकारली ती नाकारलीच.

सातपुडा, नंदुरबार: भरतीचा मुद्दा कोणीच काढला नाही. उपग्रह दर खेपेस जवळपास त्याच घटकेला येतो, भरती मात्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खंभातच्या आखाताकडे भरती-ओहोटीत कित्येक मीटरांचा फरक असल्याने एका चित्रात चिखल, तर दुसऱ्यात पाणी दिसेल. भरतीचे कोष्टक पाहून सारख्या पातळीचीच चित्रे निवडावीत. शिवाय कड सरकली म्हणजे समुद्रच चढला असे होत नाही. तापीवरील, १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणात गाळ अडतो, तो मुखाशी कमी पोहोचतो, आणि त्यानेही कड सरकू शकते.

उंचभरारी, जळगाव: धरणाला दोष देणे सोपे असते. उकाई नसते तर सुरत दरवर्षी बुडाली असती.

सातपुडा, नंदुरबार: २००६ साली धरण होतेच, तरी सुरत बुडाली. असो.

तापीकाठ, भुसावळ: सर्वांचे आभार. जुन्या वर्षांसाठी फुकट चित्रे घेईन. तरीही अमळनेरच्या एका लग्नाच्या छायाचित्रकाराला ड्रोनसह एक दिवस नेण्याचे ठरवले आहे. तो आठ हजार घेणार आहे. सुरतेचा विमानतळ जवळच असल्याने खाडी निवडताना आधी उड्डाणबंदीचा नकाशा पाहीन. ओहोटीच्या वेळी बांधावर पांढऱ्या पत्र्याच्या चार खुणा ठोकीन आणि पुढच्या वर्षी त्याच खुणांवरून पुन्हा छायाचित्रे घेईन.

निवृत्त मोजणीदार, धुळे: पत्रा खाऱ्या हवेत गंजेल. सिमेंटच्या खुणा कराव्यात.