श्रेय खुंटालाही द्या
ब्राझीलच्या संत्रारस उद्योगाच्या भरभराटीचं श्रेय फ्लोरिडातल्या थंडीला दिलं जातं. डिसेंबर 1962 च्या कडाक्याच्या थंडीत फ्लोरिडातल्या बागा गोठल्या आणि ब्राझीलच्या संत्रारसाला बाजार मिळाला, हे बरोबरच. पण तोवर ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात बागा शिल्लक होत्या त्या कशामुळे, तेही सांगायला हवं. 1937 च्या सुमारास तिथे त्रिस्तेझा हा झाडांचा रोग आला. मावा या किडीतून पसरणारा हा विषाणू. आंबट संत्र्याच्या खुंटावर, म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधतात त्या झाडावर, केलेल्या कलमांत जोडाखालची साल आतून मरायची, पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचायचंच नाही आणि झाड उभ्याउभ्या वाळायचं. लाखो झाडं गेली. संशोधकांनी चिकाटीने खुंट तपासले, रंगपूर लिंबाचा खुंट या रोगात तग धरतो हे दाखवलं, आणि शेतकऱ्यांनी त्यावर नव्याने बागा उभ्या केल्या. रसाचे कारखाने त्यानंतर आले. आता 2004 पासून ग्रीनिंग हा झाडांचा दुसरा रोग छळतोय, आणि त्याला खुंट बदलूनही उत्तर मिळत नाही.