अनुभव धागा: हृदय, झडपा, रक्तवाहिन्या – तुमच्याकडे नेमकं काय बिघडलं होतं?

कागदपट्टी (धागाकर्ती)

नोकरीची सगळी वर्षं ईसीजी काढण्यात गेली. टेबलावर झोपलेल्या माणसाला "आधी काही त्रास होता का?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं: "हो, हार्टचं झालं होतं." हार्टचं म्हणजे काय? तर ते फाइलमध्ये आहे, आणि फाइल गावाला.

म्हणून हा धागा. हृदय म्हणजे मुठीएवढा स्नायू आणि त्यात चार कप्पे. अंगभर फिरून आलेलं रक्त उजवी बाजू फुप्फुसांकडे पाठवते. तिथून प्राणवायू घेऊन आलेलं रक्त डावी बाजू पुन्हा अंगभर लोटते. स्वस्थ बसलेल्या माणसात हे काम मिनिटाला ५ लिटरच्या आसपास चालतं, दिवसाला साधारण लाखभर ठोके. रक्त उलटं फिरू नये म्हणून चार झडपा. ठोका कधी पडायचा हे उजव्या वरच्या कप्प्यातला पेशींचा एक पुंजका ठरवतो आणि तिथून निघालेली वीज खालच्या कप्प्यांपर्यंत पोचते. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आत एवढं रक्त खेळत असूनही हृदयाचा स्नायू त्यावर जगत नाही. त्याला रक्त मिळतं ते महाधमनीच्या सुरुवातीलाच फुटणाऱ्या दोन बारीक धमन्यांमधून. अँजिओग्राफीत बघतात त्या याच.

तेव्हा बिघाड धमन्यांचा असेल, झडपेचा, विजेचा, स्नायूचा, जन्मतः राहिलेल्या छिद्राचा किंवा रक्त परत आणणाऱ्या शिरांचा. तुमच्याकडे काय होतं, पहिल्यांदा काय जाणवलं आणि डॉक्टरांनी कसं समजावलं ते लिहा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत. गोळ्यांचे डोस तर अजिबात नकोत.

बाभूळकाटा

बीड जिल्हा. वडील, वय ५८, तंबाखू चालू. पहाटे शेतात पाणी धरायला गेले होते. तिथून फोन आला, "जबडा दुखतोय, दात काढायला लागतोय बहुतेक." डाव्या हातालाही मुंग्या आणि शर्ट घामाने ओला. थंडीचे दिवस होते, म्हणून चुलत्याला शंका आली आणि त्यानं १०८ ला फोन लावला.

ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा फोटो मोठ्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवला आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथंच द्यायचं ठरलं. त्याआधी प्रश्नांची सरबत्ती: मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का, इतक्यात कुठलं ऑपरेशन, शौचावाटे काळं रक्त? मला वाटत होतं, कशाला वेळ घालवताहेत. नंतर समजलं की या इंजेक्शनने हृदयातली गुठळी सुटते तशी दुसरीकडची जखमही वाहू लागू शकते.

पुढे छत्रपती संभाजीनगरला अँजिओ केली. एका धमनीत चरबीचा जुना थर होता, तो त्या पहाटे फाटला आणि त्यावर रक्ताची गुठळी बसली. डॉक्टर म्हणाले, "थर वर्षानुवर्षं जमत होता, अटॅक मात्र काही मिनिटांत आला." स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकला. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे हे मला तिथंच कळलं. आधी शेजाऱ्यांनी लाखाचे आकडे सांगून घाबरवलं होतं. तंबाखू सुटलीय, निदान आमच्यासमोर तरी.

कागदपट्टी

चुलत्यांना नमस्कार सांगा. जबडा, खांदा, पाठ, बेंबीच्या वरचा भाग, यातलं काहीही दुखू शकतं. हृदयाच्या आणि या भागांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे कळ नेमकी कुठली हे मेंदूला उमगत नाही.

वांगीभात

माझ्या सासूबाईंना काहीच दुखलं नव्हतं. मधुमेह जुना. गौरीच्या दुसऱ्या दिवशी दोन उलट्या झाल्या आणि मग जिना चढताना मधेच बसल्या. घरातल्या प्रत्येकाचं निदान तयार: पुरणपोळी बाधली, जागरण झालं, पित्त. ओवा झाला, सोडा झाला. त्या स्वतःच म्हणाल्या, "पित्ताने धाप लागत नाही गं, मला माहितेय माझं पित्त." तेव्हा आम्ही निघालो.

पहिला ईसीजी नॉर्मल आला! दीर गाडीची किल्ली घेऊन उठलेसुद्धा. ड्यूटीवरची मुलगी इंटर्न असावी, वयाने अगदीच लहान, पण हलू देईना. थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी, रक्तात ट्रोपोनिन, काही तासांनी परत ट्रोपोनिन. दुसरं वाढलेलं निघालं. हृदयाचा स्नायू मरू लागला की त्यातलं हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो, असं तिनं समजावलं. पुढे तीन धमन्यांत अडथळे निघाले आणि बायपास झाली. पायातली एक शीर आणि छातीच्या आतली एक धमनी वापरली. आता पायाचा टाकाच जास्त कुरकुरतो म्हणतात.

कागदपट्टी

त्या मुलीचं कौतुक. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे छातीत कळ येईलच असं नाही. बायकांमध्ये धाप, मळमळ, कधी न आलेला थकवा एवढंच दिसू शकतं. आणि नॉर्मल ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांपुरता नॉर्मल. मी हजारो पट्ट्या फाडल्या आहेत, माझ्यावर विश्वास ठेवा.

मोहाचं_फूल

चंद्रपूर. माझी गोष्ट झडपेची. लहानपणी घसा सारखा धरायचा, मग एकदा गुडघे सुजले, ते उतरले की घोटे. गावात त्याला वात म्हणाले आणि विसरले. पुढे लग्न झालं, दिवस गेले. पाचव्या महिन्यात रात्री आडवं पडलं की धाप लागायची. उठून बसलं की बरं. सगळ्या म्हणायच्या, पहिलटकरणीला होतंच असं.

तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. टू डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं की डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आकसली आहे. तिचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असायला हवं, माझं १ सुद्धा नव्हतं. घशातल्या जंतूंशी लढताना शरीराने स्वतःच्याच झडपेवर हल्ला केला होता. सांध्यांचं बरं होतं, झडपेचं होत नाही. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. इतकी वर्षं जेमतेम निभावलेल्या फटीतून एवढं रक्त जाईना, ते मागे फुप्फुसांत तुंबायचं. म्हणून धाप.

पोटावर शिशाचं कापड गुंडाळून, जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. टेबलावरच श्वास मोकळा झाला, हे मी अजून कुणाला नीट सांगू शकलेले नाही. मुलगी झाली. तेव्हापासून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि ते घेतलं की दोन दिवस कंबर धरून चालायचं.

काही वर्षांनी झडप पुन्हा आकसली, तेव्हा बदलली. माझ्यात चित्रा झडप आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती तयार झाली आणि १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली. रात्री सगळं शांत असलं की तिची टिकटिक ऐकू येते. नवरा म्हणतो, घड्याळ घ्यायची गरज नाही. धातूच्या झडपेवर गुठळी बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि आयएनआर नावाची तपासणी. आकडा कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची. पालक-मेथी बंद करा असं मला दहा जणांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बंद नको, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारते.

कागदपट्टी

हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने ती गोळी कमीजास्त करू नये. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याआधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण सुरुवातीच्या महिन्यांत ती गर्भाला घातक ठरू शकते.

पंचगंगाकाठी

आमचं बाळ जन्मलं तेव्हा सगळं ठीक होतं. दीड महिन्याचं झालं आणि दूध पिताना कपाळावर घाम यायला लागला. चार घोट घेऊन थांबायचं, दमायचं, पुन्हा ओढायचं. वजन वाढेना. आजी म्हणाली, दृष्ट. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र निघालं.

मी डॉक्टरांना विचारलं, छिद्र जन्मापासूनचं, मग त्रास आत्ताच का? पोटात असताना फुप्फुसं काम करत नसतात, त्यांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मानंतर काही आठवड्यांत त्या हळूहळू सैल पडतात, उजवीकडचा दाब उतरतो आणि डावीकडचं रक्त छिद्रातून तिकडे धावतं. फुप्फुसांत पूर आणि अंगाला तुटवडा. मला हे इतकं पटलं की रडायचं राहूनच गेलं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. पोरगी आता रंकाळ्यावर आम्हाला पळवते.

वस्तरा

हृदयाचं नाही, पण शिरांचं चालेल म्हणालात म्हणून लिहितो. सलूनमध्ये दिवसभर उभं. पिंढऱ्यांवर निळ्या गाठी, संध्याकाळी पाय जड, घोट्याजवळची कातडी काळपट. पायातलं रक्त वर चढतं ते पिंढरीचे स्नायू शिरांना पिळतात म्हणून, आणि शिरांमधल्या छोट्या झडपा ते खाली पडू देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की पिळणं थांबतं आणि झडपा हळूहळू निकामी होतात. डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून लेसरने शीर बंद केली. घट्ट मोजे घालतो, उन्हाळ्यात नको वाटतात. दाढी करता करता टाचा वर-खाली करतो. गिऱ्हाइकाला वाटतं, नाचतोय.

अर्जुनसाल

सगळे स्टेंट, बायपासच लिहिताय. माझ्या मामांचे ब्लॉकेज लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगरच्या काढ्याने विरघळले. रेसिपी देऊ का?

कागदपट्टी

नको. आधीची आणि नंतरची अँजिओग्राफी दोन्ही असतील तर त्याबद्दल अवश्य लिहा. स्टॅटिनसारख्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या, गोळ्यांनी थर स्थिर होतो, फाटण्याचा धोका कमी होतो, काही वेळा थोडा आक्रसतोही. काढ्याने विरघळलेला मी पाहिलेला नाही. काढ्याच्या भरवशावर गोळ्या बंद करून परत आलेले मात्र पाहिले आहेत.

सॅन_होजेकर

आई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आली. लांबचा विमानप्रवास, खिडकीची सीट, शेजारी झोपलेले, म्हणून ती उठलीच नाही. शौचाला जावं लागू नये म्हणून पाणीही प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी सुजली, गरम, दाबली की दुखे. डॉपलरमध्ये खोल शिरेत गुठळी दिसली. ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं, म्हणून त्याच दिवशी औषध सुरू. मालिश करू दिलं नाही, तेच बरं झालं.

दहीबुत्ती

घाबरवलंत. माझेही घोटे सुजतात. बीपीची गोळी सुरू केल्यापासून.

कागदपट्टी

दोन्ही पाय का एकच? दोन्ही असतील तर बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः ॲम्लोडिपिनने, असं होतं. सोबत धाप असेल, रात्री दोन उशा लागत असतील, चार दिवसांत वजन चढलं असेल, तर हृदयाचा स्नायू कमी पडतोय का हे पाहावं लागतं. एकच पाय अचानक सुजला तर त्याच दिवशी दवाखाना. तुम्ही डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतील. स्वतःहून बंद करू नका, बीपी वाढलेलं असताना काहीही जाणवत नाही हीच तर त्याची खोड आहे.

पीठगिरणी

आमच्या गिरणीवाल्या आजोबांना पेसमेकर, म्हणजे ठोके चालू ठेवणारं छोटं यंत्र, आहे. देवळाच्या पायरीवर दोनदा चक्कर येऊन पडले. नाडी मिनिटाला ३४. वरच्या कप्प्यातली ठिणगी ठीक होती, खालपर्यंत पोचणारी वायर तुटल्यासारखी झाली होती, त्यामुळे खालचे कप्पे आपल्या मनाने सावकाश चालत होते. गळपट्टीच्या हाडाखाली छोटासा छेद, जागेपणीच. सुरुवातीचे काही आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे टोपी घालायची पंचाईत. मोबाइल दुसऱ्या बाजूच्या खिशात.

एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही: अंत्यसंस्काराआधी पेसमेकर काढावा लागतो, चितेत बॅटरी फुटते. आजोबांनीच पेसमेकरच्या कार्डाच्या मागे हे लिहून ठेवलंय, आणि खाली "घाई नाही" असं.

दहीबुत्ती

गिरणी चालवतात का अजून?

पीठगिरणी

चालवतात. दळणाला हरकत नाही म्हणाले डॉक्टर, फक्त चालू मोटरला छाती टेकवायची नाही. वेल्डिंगवाला आला की त्यांना लांब बसवतो. तिथून ओरडून चुका काढतात.