रिटायर झाल्यावर सकाळी उठायचं कशासाठी? तुमचे अनुभव सांगा

बाबा तलाठी होते, मागच्या वर्षी 58 ला रिटायर झाले. पहिले दोन महिने सत्कार, नातेवाईक, अष्टविनायक यात गेले आणि आता पेपर वाचून झाला की गॅलरीत नुसते बसून राहतात. बघवत नाही हो. स्वतःचा किंवा घरातला अनुभव असेल तर लिहा प्लीज, मोठा झाला तरी चालेल.

---

मी 71. पिंपरीला एका कारखान्यात 34 वर्षं टर्नर होतो. रिटायर झाल्यावर पहिलं वर्ष तुमच्या बाबांसारखंच गेलं, वर बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करायचो त्यावरून रोज भांडण. मग आमच्या वॉचमनचा मुलगा आयटीआयला लागला, त्याला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, वाचता येईना. माझा जुना पेटीत होता, तेल लावून जपलेला. जिन्याखाली घेऊन बसलो त्याला. आधी मेन स्केल बघ, मग व्हर्नियरची कुठली रेघ वरच्या रेघेशी बरोब्बर जुळते ती शोध, तिला 0.02 ने गुण. खिळा, नाणं, कपाचा कान, दिसेल ते मोजलं पोरानं. माझा हात आता थरथरतो पण रीडिंग चुकत नाही. पुढच्या आठवड्यात तो दोन मित्र घेऊन आला. आता पाच वाजले की बायकोच म्हणते, अहो पोरं आली असतील, जा खाली.

---

काका, डोळ्यात पाणी आलं. माझ्या सासूबाई 74 च्या, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला 2016 च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली ना, तिथल्या गुलाबी साडीतल्या आज्या टीव्हीवर बघून म्हणाल्या, मलाबी शिकव गं. नातवाची पाटी काढली. कितीतरी दिवस 'ख' म्हणजे 'र' आणि 'व' वेगवेगळे लिहायच्या. आठ महिन्यांनी बँकेत अंगठ्याचं पॅड पुढे आलं ते त्यांनी बाजूला सरकवलं आणि पेन मागितलं. सहीला पाच मिनिटं लागली, मागे लाईन होती, पण कोणी काही बोललं नाही.

---

आई गेल्यापासून वडील घराबाहेरच पडत नव्हते. 2022 ला एसटीत 75 च्या पुढच्यांना प्रवास फुकट झाला तेव्हा मीच मागे लागलो. आता दर गुरुवारी आधार कार्ड खिशात टाकून एकेका जुन्या मित्राच्या गावाला जातात, संध्याकाळी येऊन कोण कसा आहे ते सगळं सांगतात. अर्थात गुडघे साथ देतायत म्हणून, सगळ्यांना जमेलच असं नाही.

---

58 वरून आठवलं, महर्षी कर्व्यांचा जन्म 1858 चा आणि महिला विद्यापीठ काढलं 1916 ला. करा हिशोब.

---

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत. आज दुपारी शेजारच्या काकू त्यांचा सातबारा घेऊन आल्यात, त्यांना फेरफार नंबर कुठे बघायचा तेच कळत नव्हतं. दोन तास झाले, दोघं अजून टेबलाशीच बसलेत आणि बाबांनी आत्ता कोरी वही मागितलीय माझ्याकडे.