मदत हवी आहे: मधुमेही वडिलांना प्रोटीन पावडर द्यावी का? दोन डबे आणले, दोन्ही वेळा घोळ झाला

नमस्कार. बाबांचं वय ६७, टाइप २ मधुमेह १४ वर्षांपासून. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी न्याहारीआधी ग्लिमेपिराइड. शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ७.४ आलं होतं. दोन महिन्यांपूर्वी न्यूमोनिया झाला, त्यात वजन ६९ वरून ६२ किलोवर आलं. मांड्या अगदी गळून गेल्या आहेत. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवावे लागतात. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर "प्रोटीन वाढवा" एवढंच म्हणाले आणि त्या धावपळीत मलाही पुढे काही विचारायचं सुचलं नाही.

पहिला डबा मी वरची ठळक अक्षरं वाचून आणला: "साखर घातलेली नाही". रोज न्याहारीबरोबर पेलाभर दुधात एक माप द्यायला लागले. चौथ्या दिवशी शुगर मोजली. खाण्याआधी १३८, दोन तासांनी २२१. न्याहारी नेहमीचीच होती आणि त्यावर एरवी १७०-१८० च्या वर जात नाही. मग डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. ३० ग्रॅमच्या मापात प्रथिनं फक्त ९ ग्रॅम आणि कर्बोदकं १७ ग्रॅम! घटकांच्या यादीत पहिलंच नाव माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पूड. ते साखर म्हणून मोजलं जात नाही, पण रक्तात ग्लुकोजइतक्याच वेगाने चढतं, हे मला तेव्हा कळलं. वर दुधातली साखर वेगळी.

म्हणून दुसरा डबा व्हे आयसोलेटचा (दुधातून वेगळं काढलेलं, जवळपास निव्वळ प्रथिन) आणला. मापाला प्रथिनं २५ ग्रॅम, कर्बोदकं १ ग्रॅम. पाण्यात कालवून दिलं. बाबांचं पोट त्यानेच भरलं, "न्याहारी नको" म्हणाले. मला बरंच वाटलं, शुगर वाढायची भीती नाही. साडेदहाच्या सुमारास ते शर्टाची बटणं लावत होते आणि एकच बटण तीन-तीनदा सुटत होतं. बोटं थरथरत होती, मान घामाने भिजलेली. मोजली तर ६४. पाण्यात तीन चमचे साखर घालून दिली, पंधरा मिनिटांनी ९१ आली. अजूनही ते आठवलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता पावडर पूर्ण बंद आहे. पण ती बंद करूनही चालणार नाही, कारण जेवण निम्म्यावर आलंय. डिस्चार्जच्या कागदावर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) १.४ लिहिलंय, त्याचा याच्याशी संबंध आहे का? दिवसाला किती प्रथिनं द्यावीत? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
ताई, दुसऱ्या वेळी दोष पावडरचा नव्हता, गोळीचा आणि न्याहारीचा मेळ बसला नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेतंच, समोर कर्बोदकं असोत वा नसोत. माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं होतं. ही गोळी चालू असताना न्याहारीच्या जागी शेक कधीच देऊ नका, न्याहारीसोबतच द्या. आणि ६४ ची गोष्ट डॉक्टरांना फोन करून आजच सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका.

प्रतिसाद
मी आहारतज्ज्ञ आहे. आधी मूत्रपिंडाचं बघू या. १.४ क्रिएटिनिन म्हणजे या वयाच्या पुरुषात ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा अंदाज, साधारण ५५ येतो. तीन महिने तो ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. ज्यांचे स्नायू झडले आहेत त्यांच्यात ते कमी दिसतं, म्हणजे खरी स्थिती आकड्यापेक्षा वाईट असू शकते. म्हणून लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन गळतंय का ते दाखवतं; ३० च्या खाली असावं) करून घ्या आणि सिस्टॅटिन सी, म्हणजे स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडाची रक्ततपासणी, करता येईल का तेही विचारा.

प्रथिनांचं प्रमाण यावरच ठरतं. मूत्रपिंडं ठीक असतील तर आजारातून उठलेल्या वयस्करांना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे बाबांना ७४ ते ९३ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर साधारण ०.८, म्हणजे ५० च्या आसपास. पण बाबांचं वजन घटतंय, त्यामुळे दोन्ही बाजू तोलून तुमचे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही स्वतःहून ५० पर्यंत खाली आणू नका.

पावडरपैकी आयसोलेट बरं, पण अर्धं माप न्याहारीसोबत आणि अर्धं संध्याकाळच्या खाण्यासोबत. व्हे जेवणाच्या आधी किंवा सोबत घेतलं तर पोट हळू रिकामं होतं आणि इन्शुलिनही जास्त सुटतं, त्यामुळे जेवणानंतरची शुगर थोडी कमी चढते. सुरुवातीचे काही दिवस आधी आणि दोन तासांनी मोजून लिहून ठेवा. आणि पायांना काम द्या, नाहीतर नुसत्या प्रथिनांनी मांड्या भरत नाहीत. खुर्चीतून उठ-बस, कोणीतरी शेजारी उभं राहून, झेपेल तेवढी.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. त्याच दिवशी फोन केला. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मं केलं. लघवीचं गुणोत्तर ११० आलं, म्हणजे मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालाय. हे या निमित्ताने कळलं, नाहीतर मी मापावर मापं देत बसले असते. सध्या दिवसाला एकूण ६० ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली आहेत, पावडरसकट, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्या.

तीन आठवडे झाले. न्याहारीनंतर १५५ ते १७५, एकदाही ८० च्या खाली नाही. वजन ६२.८. उठताना आता एकच हात टेकवतात. सिस्टॅटिन सी चा रिपोर्ट आला की इथेच टाकते, तेव्हा कृपया पुन्हा बघा.